माळावर खड्डे खणण्याआधी: वन्यजीवांसाठी एकत्र काम करताना या चुका टाळा

जून लागला की फोन सुरू होतात. "पाचशे रोपं तयार आहेत, कंपनीतली साठ माणसं येणार आहेत, फक्त जागा सांगा." माणसं मनापासून आलेली असतात, म्हणून त्यांचे कष्ट वाया जाऊ नयेत असं वाटतं. वनखातं, गाव, संस्था आणि कंपनी एकत्र आले की परवानगी, राबणारे हात, माहिती आणि पैसा एका जागी येतो. तरीही तीन वर्षांनी तिथं ना झाड दिसतं ना पाखरू, असं बऱ्याचदा घडतं. कारणं बहुतेक तीच असतात.

माळाला ओसाड समजणं

ही सगळ्यात मोठी चूक. सोलापूर, नगर, पुण्याचा पूर्व भाग, माण-खटाव इथलं गवताळ रान सरकारी नोंदींत बऱ्याचदा 'पडीक' ठरतं. उन्हाळ्यात पिवळं पडलेलं ते रान बघून वाटतं, इथलं जंगल कुणीतरी तोडलंय. पण ते मुळातच गवताचं रान आहे. चिंकारा, लांडगा, खोकड, धाविक, चंडोल तिथंच राहतात. माळढोक तर उघड्या जमिनीवर बहुधा एकच अंडं घालतो. चहूकडे नजर पोचली तरच त्याला धोका कळतो. त्याच्यासाठी १९७९ मध्ये सोलापूरजवळच्या नान्नज परिसरात अभयारण्य जाहीर झालं आणि तिथंच गिरिपुष्पाच्या (ग्लिरिसिडियाच्या) झाडांची लागवडही झाली. झाडं किती लावली हे अहवालात चटकन दाखवता येतं, गवत दाखवता येत नाही, ही खरी अडचण आहे.

म्हणून आधी एक पूर्ण वर्ष, पावसाळा धरून, तो माळ बघा. सोबत मेंढपाळ हवा. लांडगीण कुठल्या ओढ्याकडं पिलं घालते, मारवेल गवत कुठं टिकलंय, पवन्या गवत कुठून गेलं, हे त्याला तोंडपाठ असतं.

लागवड होऊन गेली असेल तर नांग्या भरू नका, म्हणजे मेलेल्या रोपांच्या जागी नवी लावू नका. मेलेल्या रोपांचे खड्डे बुजवा आणि मारवेल, पवन्या, डोंगरी गवताचं बी जवळच्याच माळावरून जमवून पावसाच्या तोंडावर टाका. जगलेली झाडं काढायची तर वनखात्याशी बोलून, टप्प्याटप्प्यानं. हातात उरलेली रोपं गावात द्या; मात्र कुणाला बांधावर कोणतं झाड हवंय ते आधी विचारा.

याच चुकीची एक बहीण म्हणजे सरसकट चराईबंदी. साताऱ्याजवळच्या कास पठारावर फुलांच्या रक्षणासाठी जाळीचं कुंपण घातलं, गुरं थांबली, उंच गवत माजलं आणि ठेंगण्या फुलझाडांची जागा आक्रसू लागली. पुढं ते कुंपण काढावं लागलं.

तळं खोल केलं की सुधारलं असं मानणं

पूर्व विदर्भातले मामा तलाव, म्हणजे माजी मालगुजारी तलाव, गोंड राजांच्या काळात कोहळी समाजानं बांधले. १९५० च्या कायद्यानं मालगुजारी, म्हणजे सारा गोळा करणाऱ्या जमीनदारांची पद्धत, संपली, तलाव सरकारकडे गेले आणि देखभालीतून गावाचा हात सुटला. पुढं बेशरम हे पाण्याकाठी झपाट्यानं पसरणारं झुडूप माजलं, देशी मासे घटले. अशा तलावावर आपण जेसीबी आणतो आणि किती घनमीटर गाळ निघाला ते फलकावर लिहितो. पण काठ उभे कापले की उथळ पाणी जातं, त्याबरोबर पाणवनस्पती जातात. मग माशानं अंडी घालायची कुठं, आणि सारसानं चरायचं कुठं?

गोंदिया जिल्ह्यातल्या अर्जुनी-मोरगाव भागात धीवर समाजाच्या मच्छीमार संस्था आणि मनीष राजनकर यांचं भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळ यांनी वेगळी वाट धरली. कोणत्या माशाला कोणती वनस्पती लागते हे जुन्या जाणत्या धीवरांना ठाऊक होतं. मंडळानं ते विचारून घेतलं. बेशरम उपटली, तलावाचा तळ नांगरला आणि देशी पाणवनस्पती हातानं लावल्या. या कामात बायका पुढं होत्या. मला हे उदाहरण फार मोलाचं वाटतं, कारण तिथं माहिती गावाची होती आणि संस्थेनं ती ऐकली.

तुमच्याकडं खोदकाम आधीच झालं असेल तर निदान एका बाजूचा उतार पसरट करून घ्या आणि तिथं पाणवनस्पती लावायचं मच्छीमार संस्थेशी बोलून ठरवा.

गावाला फक्त मजूर धरणं

श्रमदानाला गाव आणि निर्णयाला बाहेरचे, अशी वाटणी झाली की राखण होत नाही. अमरावती जिल्ह्यातल्या पायविहीरला २०१२ मध्ये सामूहिक वनहक्क, म्हणजे गावालगतचं जंगल राखायचा आणि वापरायचा गावाचा हक्क, मिळाला. 'खोज' संस्थेची साथ आणि रोजगार हमीचा पैसा होता, पण काय लावायचं, सीताफळ कसं विकायचं हे ग्रामसभा ठरवत होती. उघडी टेकडी पुन्हा हिरवी झाली. रत्नागिरीतल्या वेळासला सह्याद्री निसर्ग मित्रनं २००२ मध्ये कासवांच्या अंड्यांची राखण सुरू केली. नंतर कासव महोत्सव आला, घराघरांत पाहुणे उतरू लागले आणि काम गावानं अंगावर घेतलं. करार करताना ग्रामसभेचा ठराव आधी घ्या. कंपनीची सही नंतर होऊ दे.

नुकसानीचं न बोलणं

लांडग्यानं मेंढरू मारलं तर धनगरानं गप्प बसावं, अशी अपेक्षा कुणी करू नये. वनखात्याची भरपाई मिळते, पण वेळेत कळवावं लागतं आणि पंचनाम्याआधी मेलेलं जनावर हलवायचं नसतं. हे धनगराला कुणीतरी सांगायला हवं, अर्ज भरायला सोबत बसायला हवं. संस्थेचं खरं काम इथं आहे. समुद्रावर हे नीट जमलंय. जाळ्यात अडकलेला संरक्षित जीव सोडवायला कोळ्यानं जाळं कापलं, तर २०१८ पासून राज्य सरकार २५,००० रुपयांपर्यंत भरपाई देतं.

मार्चअखेरीच्या तालावर काम

निधी मार्चमध्ये संपवायचा असतो, बी मात्र पावसाळ्यात रुजतं. निधी देणाऱ्याशी पहिल्याच बैठकीत तीन उन्हाळ्यांच्या राखणदाराचा पगार ठरवून घ्या. तेवढे पैसे नसतील तर जागा निम्मी करा. आणि मोजणी तिसऱ्या वर्षी मे महिन्यात करा, मेंढपाळाला किंवा धीवराला सोबत घेऊन.