गरोदरपणातला किंवा उतारवयातला ताप लिस्टेरियाचा असू शकतो: कल्चर कसं पाठवायचं, औषधाचं काय विचारायचं

लिस्टेरिया हा खाण्यातून अंगात जाणारा जंतू. हे मी कोणासाठी लिहितेय ते आधी सांगते. घरात कोणी गरोदर आहे, नवीन बाळ आहे, पासष्टीच्या पुढचे आजी-आजोबा आहेत, किंवा कोणाचं डायलिसिस, केमो, रोजचं स्टेरॉइड चालू आहे, किडनी ट्रान्सप्लांट झालंय, अशा घरांसाठी. बाकीच्या धडधाकट माणसाच्या पोटात लिस्टेरिया गेला तर बहुतेक वेळा एक-दोन दिवस जुलाब, थोडा ताप, आणि विषय संपला, त्याला ना टेस्ट लागते ना अँटिबायोटिक. मी नाशिकला मायक्रोबायोलॉजी लॅबमध्ये कल्चरच्या, म्हणजे सॅम्पलमधले जंतू वाढवून ओळखायच्या, टेबलावर काम करते आणि नेटवर या आजारावर जे सल्ले फिरतात, की हळदीचं दूध द्या, अन्न फ्रिजमध्ये ठेवलं की झालं, ताप उतरला की बरं झालं, ते वाचून खरंच राग येतो. तिन्ही चूक आहेत.

पायरी १. संशय कधी घ्यायचा

गरोदर बाईला हा आजार अगदी साध्या फ्लूसारखा येतो. ताप, अंग मोडून येणं, पाठ-कंबर दुखणं, थोडं डोकं, कधी जुलाब. दोन-तीन दिवसांत आपोआप उतरूनही जातो आणि सगळे म्हणतात व्हायरल होतं. पण तोवर जंतू वारेतून बाळापर्यंत पोचलेला असू शकतो. आईला विशेष काही नाही आणि बाळ पोटातच जातं किंवा दिवस भरायच्या आधी होतं, असा हा विचित्र आजार आहे. इतर लोकांपेक्षा गरोदर बाईला तो होण्याची शक्यता साधारण १० पट, आणि जास्त करून शेवटच्या तीन महिन्यांत. म्हणून माझं ठाम मत, गरोदरपणात ३८ च्या वर म्हणजे १००.४ च्या वर ताप गेला आणि सर्दी-खोकला, लघवीची जळजळ असं सरळ कारण दिसत नसेल तर घरी पॅरासिटामॉल देऊन वाट बघत बसायचं नाही.

वयस्कर माणसात तो रक्तात आणि मेंदूच्या आवरणात जातो. ताप, डोकेदुखी, असंबद्ध बोलणं, चालताना झोक जाणं, झटके. मान आखडेलच असं नाही. 'वय झालंय, बरळताहेत' असं म्हणून सोडून देऊ नका, दोन दिवसांपूर्वी नीट बोलणारा माणूस ताप आल्यावर बरळायला लागला तर त्याच रात्री हॉस्पिटल. रक्तात किंवा मेंदूत गेलेल्या लिस्टेरियात उपचार मिळूनही पाचातला एक तरी जातो, इतका तो वाईट आहे.

अजून एक. डॉक्टरांनी विचारलं की लोक काल काय खाल्लं ते सांगतात. लिस्टेरियात काल चालत नाही. गरोदरपणात तर जंतू पोटात जाणं आणि ताप येणं यात कित्येक आठवडे जाऊ शकतात, ७० दिवसांपर्यंत. म्हणून मागच्या दोन महिन्यांचं आठवा: गोठ्यातलं न तापवलेलं दूध, कापून ठेवलेलं खरबूज, गंगापूर धरणाकडच्या वाइनरीत वाइन नाही घेतली पण चीजची प्लेट खाल्ली, पाकिटातली सलामी तशीच थंड सँडविचमध्ये घातली. आठवलं की कागदावर लिहा आणि तो कागद डॉक्टरांना द्या.

पायरी २. रक्ताचं कल्चर, आणि तेही पहिल्या इंजेक्शनच्या आधी

इथेच सगळं बिघडतं, म्हणून इथे जरा वेळ घेणार आहे.

आपल्याकडे ताप आला की ठरलेली फाईल तयार होते. सीबीसी, मलेरिया, डेंग्यूची एनएस-वन, आणि टायफॉइडसाठीची विडाल. पावसाळ्यात तर विचारूच नका. विडालमध्ये काहीतरी आकडा येतोच, कारण ती टेस्ट जंतू बघत नाही, अंगातल्या अँटिबॉडी बघते आणि टायफॉइड जिथे वर्षानुवर्षं फिरतोय तिथे बऱ्याच निरोगी लोकांतही त्या सापडतात. मग 'टायफॉइड निघाला' म्हणून सेफ्ट्रिॲक्झोनची पाच-सात इंजेक्शनं. गरोदर बाई असेल तर लघवीत थोडे पस सेल्स दिसले की सेफिक्झिमच्या गोळ्या. ही औषधं वाईट नाहीत, आपापल्या जागी चांगली आहेत, गरोदरपणात चालतातही. पण ती सेफॅलोस्पोरिन घराण्यातली आहेत आणि हे अख्खं घराणं लिस्टेरियावर चालत नाही. जंतू नंतर निर्ढावला असं नाही, तो मुळातच तसा आहे, या औषधांना त्याच्यावर नीट पकडच मिळत नाही. म्हणजे पेशंटला रोज सुई टोचली जाते, घरचे निश्चिंत असतात आणि आत उपचार शून्य.

हे टाळायचा एकच मार्ग, पहिला डोस जायच्या आधी ब्लड कल्चर. शौचाची तपासणी करून उपयोग नाही, लिस्टेरिया चांगल्या माणसांच्या शौचातही अधूनमधून सापडतो. रक्तातल्या अँटिबॉडीच्या टेस्टवरही भरवसा नाही. मेडिकलमध्ये मिळणारं झटपट किट वगैरे तर नाहीच. कल्चर म्हणजे कल्चर.

नातेवाईक म्हणून तुम्ही काय करायचं? कॅज्युअल्टीत पोचल्यावर शांतपणे म्हणायचं, 'डॉक्टर, अँटिबायोटिक सुरू करायच्या आधी ब्लड कल्चर घेता येईल का? दोन जागांहून?' भांडायचं नाही. पेशंट खूप सीरियस असेल तर औषध थांबवून ठेवा असंही म्हणायचं नाही, रक्त काढायला पाच-दहा मिनिटं लागतात, काढलं की लगेच औषध चालू. आधीच बाहेरून अमॉक्सिसिलिन असलेल्या गोळ्या दोन-तीन दिवस घेतल्या असतील तर ते लपवू नका, नावासकट सांगा. असल्या अर्धवट कोर्समुळे जंतू बाटलीत वाढत नाही, अंगात मात्र राहतो.

आता काढण्याबद्दल. मोठ्या माणसाचं एका बाटलीत ८ ते १० मिली रक्त जायला हवं, आणि दोन वेगवेगळ्या हातांतून दोन सेट. आमच्याकडे येणाऱ्या बाटल्यांत कितीदा जेमतेम ३ मिली असतं, 'पेशंट अशक्त आहे, कशाला जास्त काढायचं' म्हणून. रक्तात जंतू थोडे असतात हो, रक्तच कमी घेतलं तर सापडणार कुठून? एवढ्या रक्ताने कोणी अशक्त होत नाही. लहान बाळाचं अर्थातच कमी, एक-दोन मिली. कातडी अँटिसेप्टिकने पुसून पूर्ण वाळू द्यायची, बाटलीचं रबरी झाकणही स्पिरिटने पुसायचं. आधीपासून लावलेल्या सलाईनच्या नळीतून रक्त ओढायचं नाही, ताजी शीर घ्यायची.

बाटली फ्रिजमध्ये ठेवायची नाही, बर्फात तर अजिबात नाही. सुरगाणा, पेठ, कळवणकडून नातेवाईक स्वतः सॅम्पल घेऊन नाशिकला येतात आणि बिचारे जपून थर्मोकोलच्या डब्यात बर्फ भरून आणतात, लसीसारखं. कल्चरची बाटली नॉर्मल तापमानालाच, सावलीत, आणि काही तासांच्या आत लॅबमध्ये.

यानंतर जो भाग येतो तो मला शिकताना सगळ्यात जड गेला. बाटलीत वाढ झाली की आम्ही काचेवर ग्रॅम स्टेन करतो, म्हणजे जंतू रंगवून मायक्रोस्कोपखाली बघतो. लिस्टेरिया तिथे जांभळ्या आखूड काड्यांसारखा दिसतो, आणि कातडीवर राहणारे डिफ्थेरॉइड नावाचे निरुपद्रवी जंतूही जवळपास तसेच दिसतात. कॅटालेज नावाच्या साध्या टेस्टमध्येही दोन्ही पॉझिटिव्ह. त्यामुळे घाईत रिपोर्ट जातो 'डिफ्थेरॉइड, बहुधा कंटॅमिनेशन', म्हणजे कातडीवरून चुकून बाटलीत आलेला जंतू, आणि विषय बंद होतो. फरक करता येतो. ब्लड अगारवर, म्हणजे जंतू वाढवायच्या रक्त घातलेल्या प्लेटवर, लिस्टेरियाच्या वसाहतीखाली बारीक, फिकट हिमोलिसिस (रक्तपेशी फुटून पडलेला फिका डाग) दिसतं, प्लेट तिरकी धरून वसाहत बाजूला सारून बघावं लागतं. आणि साधारण २५ डिग्रीला ठेवून मायक्रोस्कोपखाली पाहिलं तर तो कोलांट्या मारत फिरतो, ३७ ला तसा फिरत नाही. हे डोळ्यात बसायला मला बराच काळ गेला. तुम्हाला हे करायचं नाहीये, पण रिपोर्टवर डिफ्थेरॉइड किंवा कंटॅमिनंट लिहिलं असेल आणि पेशंट गरोदर, नवजात, वयस्कर किंवा प्रतिकारशक्ती कमी असलेला असेल, तर डॉक्टरांना एक फोन लॅबला करायला सांगा, 'लिस्टेरिया रूल आउट केलाय ना?', म्हणजे तो नाही याची खात्री केलीय ना. खास करून दोन्ही सेटमध्ये तेच वाढलं असेल तर. आम्हाला अशा फोनचा राग येत नाही. आणि सॅम्पल पाठवतानाच फॉर्मवर 'गरोदर, आठवा महिना, ताप, लिस्टेरिया?' एवढं लिहिलेलं असेल तर टेबलावरच्या माणसाची नजरच बदलते. नुसतं 'फिव्हर' लिहिलेला फॉर्म आम्हाला काहीच सांगत नाही.

मेंदूज्वराची शंका असेल तर पाठीतलं पाणीही काढावं लागतं. लोक त्याला फार घाबरतात, 'पाठीतलं पाणी काढलं की माणूस लुळा पडतो' वगैरे. असं होत नाही. सही करा.

पायरी ३. औषध

इथे तुम्हाला एकच प्रश्न विचारायचाय, 'ॲम्पिसिलिन चालू आहे का?' लिस्टेरियाचं मुख्य औषध ते, शिरेतून, आणि गंभीर केसमध्ये जोडीला जेंटामायसिन, किडनीवर लक्ष ठेवून. पन्नाशीच्या पुढच्या माणसाला मेंदूज्वराची शंका असेल तर रिपोर्टची वाट न बघता सेफ्ट्रिॲक्झोनच्या जोडीने ॲम्पिसिलिन पहिल्यापासून घालायचं असतं, ते याच जंतूसाठी. पेनिसिलिनची खरी ॲलर्जी असेल तर को-ट्रायमॉक्साझोल हा पर्याय, पण गरोदरपणात ते कधी चालेल ते डॉक्टरच ठरवणार. लहानपणी कधीतरी पुरळ आली होती एवढ्यावर 'पेनिसिलिन ॲलर्जी' असं ठोकून सांगू नका, नेमकं काय झालं होतं ते सांगा, नाहीतर सगळ्यात चांगलं औषध विनाकारण हातचं जातं.

कोर्स लांब असतो. गरोदरपणात साधारण दोन आठवडे, मेंदूज्वरात किमान तीन, मेंदूत पुवाची गाठ झाली तर सहा किंवा जास्त. तिसऱ्या-चौथ्या दिवशी ताप उतरतो आणि घरचे डिस्चार्ज मागायला लागतात, खर्च वाढतोय, घरी गोळ्या देऊ म्हणतात. खर्चाचं मला कळतं, मग प्रायव्हेट परवडत नसेल तर सिव्हिलला किंवा मेडिकल कॉलेजला हलवा, ॲम्पिसिलिन जुनं आणि स्वस्त औषध आहे. पण कोर्स अर्ध्यावर तोडू नका. हा जंतू पेशींच्या आत लपून राहतो, थोड्या दिवसांच्या औषधाने तो पूर्ण जात नाही.

पायरी ४. बाळंतपण झालं तर

वार फेकू देऊ नका. तिचा तुकडा निर्जंतुक डबीत, फॉर्मलिन (अवयव टिकवायचं रसायन) न घालता, कल्चरला. फॉर्मलिनमध्ये टाकली की जंतू मेला, मग आमच्याकडे येऊन काही उपयोग नाही, आणि सवयीने ती फॉर्मलिनमध्येच पडते म्हणून लेबर रूममध्ये आधीच सांगून ठेवा. बाळाचंही रक्त लगेच. बाळ जन्मताना चांगलं असलं तरी पहिला महिना डोळ्यात तेल घालून बघा, दूध ओढत नाही, मलूल पडलंय, अंग गरम किंवा उलट गार लागतंय, तर त्याच तासाला एनआयसीयू, म्हणजे नवजात बाळांचा आयसीयू. आईपासून पोटातल्या बाळाला होतो तेवढंच, एरवी हा आजार माणसाकडून माणसाला लागत नाही, त्यामुळे बाळंतिणीला वेगळं बसवू नका.

पायरी ५. स्वयंपाकघर

दूध गोठ्यातलं असेल तर उकळी येऊ द्या. चीज, सलामी, सॉसेज गरोदरपणात थंड खायचं नाही, वाफा येईपर्यंत गरम करा. खरबूज कापायच्या आधी साल घासून धुवा, कापलं की खाऊन टाका. अमेरिकेत २०११ साली खरबुजातूनच मोठी साथ आली होती आणि ३० हून जास्त माणसं गेली. खरवस आतपर्यंत वाफवलेला असेल तर चालतो. उकळत्या रश्श्याची मिसळ बिनधास्त खा.

फ्रिजचं मात्र नीट समजून घ्या. बाकीचे बरेच जंतू थंडीत गारठतात, लिस्टेरिया ४ डिग्रीलाही हळूहळू वाढत राहतो आणि अन्नाला ना वास येतो ना चव बदलते. फ्रीझरमध्ये तो मरत नाही, नुसता थांबतो. दक्षिण आफ्रिकेत २०१७-१८ मध्ये पोलोनी नावाच्या तयार, थंड खायच्या मांसातून हजारावर लोकांना लागण झाली आणि दोनशेवर गेले. उरलेली भाजी-आमटी दुसऱ्या दिवशीच संपवा, खळखळून उकळून.

सिन्नर-निफाडकडच्या गोठेवाल्यांना वेगळं सांगते, हवा शिरून बिघडलेल्या मुरघासात (हवाबंद मुरवलेल्या हिरव्या चाऱ्यात) हा जंतू फोफावतो. असा मुरघास खाऊन शेळी-मेंढी एकाच बाजूला गोल फिरायला लागते, जनावरं गाभडतात. बुरशी आलेला थर काढून टाका, आणि गाभडलेल्या जनावराची वार किंवा वासरू घरातल्या गरोदर बाईने हाताळायचं नाही, त्या दिवसांत धारही दुसऱ्याने काढावी.

पायरी ६. संशयाचं काही खाल्लंय, पण त्रास काहीच नाही

टेस्ट नको, औषध नको. खाल्ल्याची तारीख कॅलेंडरवर लिहा आणि पुढचे दोन महिने ताप, अंगदुखी, बाळाची हालचाल कमी वाटणं याकडे लक्ष ठेवा. ताप आला तर मेडिकलवाल्याकडून गोळी न घेता थेट हॉस्पिटल, पायरी २ पासून.