सॉफ्टवेअर प्रक्रिया मोजताना या चुका टाळा

सीएमएमआय (संस्थेची कामाची प्रक्रिया किती पक्की आहे हे ठरवणारं मॉडेल) याची सर्वांत वरची लेव्हल ५ मिळते ती संस्थेच्या ज्या विभागाचं अप्रेझल (तपासणी) झालं त्याला, आणि तीन वर्षांपुरती. आज तुमच्या प्रोजेक्टचं काम कुठे अडतंय, हे त्यावरून कळत नाही. अप्रेझल जवळ आल्यावर रिव्ह्यूच्या (सहकाऱ्याने कोड तपासण्याच्या) नोंदी मागाहून भरल्या, तर त्यांवरून काढलेला प्रत्येक आकडा निरुपयोगी ठरतो. काम होताना आपोआप पडणाऱ्या वेळा घ्या: पहिला कमिट (कोडमधला बदल नोंदवणं), पुल रिक्वेस्ट (बदल मुख्य कोडमध्ये घेण्याची विनंती) उघडली, पहिला रिव्ह्यू, मर्ज (बदल मुख्य कोडमध्ये मिसळणं), प्रॉडक्शनला डिप्लॉय (ग्राहक वापरतात तिथे चढवणं). जिरा या कामं नोंदवायच्या टूलमधलं स्टेटस माणूस हाताने बदलतो, बरेचदा दोन-तीन दिवस उशिरा. त्यावर भिस्त नको. स्क्वॉश मर्ज (सगळे कमिट एकत्र करून मर्ज) करत असाल तर पहिल्या कमिटची वेळ मुख्य ब्रांचवर उरत नाही, ती पुल रिक्वेस्टमधून काढा.

सरासरीवर विसंबणं

दहा बदलांना लागलेले दिवस समजा असे आहेत: १, १, २, २, २, ३, ३, ४, ५, २७. सरासरी ५ दिवस, मध्यक (आकडे क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा) मात्र अडीच. एकाच बदलाने सरासरी दुप्पट केली. अहवालात मध्यक द्या आणि तो २७ दिवसांचा बदल वेगळा उघडून बघा. वरच्या पाच वेळांमधली चार अंतरं मांडली की तो नेमका कुठे पडून होता ते दिसतं. कोड लिहायला लागलेला वेळ अनेकदा थोडा असतो. दिवस जातात रिव्ह्यूची किंवा टेस्ट एन्व्हायर्नमेंटची वाट बघण्यात.

दर आठवड्याच्या चढउताराला कारण शोधणं

आठवड्याला सरासरी १२ बग येतात आणि लागोपाठच्या आठवड्यांमधला फरक सरासरी ३ आहे, असं धरा. ३ ला २.६६ ने (कंट्रोल चार्टमधला ठरलेला गुणक) गुणा: सुमारे ८. म्हणजे १२ च्या दोन्ही बाजूंना ८, ४ ते २० ही नेहमीची हद्द. एखाद्या आठवड्यात १५ आले म्हणून मीटिंग बोलावणं म्हणजे टीमचा वेळ घालवणं. २३ आले, तर मात्र त्याच दिवशी कारण शोधा. हद्द ठरवायला निदान १२ आठवड्यांचा डेटा हवा.

बगची टक्केवारी घाईने काढणं

रिलीजआधी ९२ बग पकडले, नंतरच्या ९० दिवसांत ग्राहकाकडून ८ आले, तर आपण ९२ टक्के पकडले. हाच हिशेब रिलीजच्या दिवशी केला तर तो १०० टक्केच येणार! आणि हे आकडे कुणाच्याही वार्षिक मूल्यमापनाला जोडू नका. जोडले की बग तोंडी सांगून मिटवले जातात, नोंदवले जात नाहीत.

सुधारणा एका वेळी एकच करा. उदाहरणार्थ, पुल रिक्वेस्ट ४०० ओळींच्या आत ठेवायची, आणि आठ आठवडे दुसरं काही बदलायचं नाही. रिव्ह्यूची वाट कमी झाली पण ग्राहकाकडून येणारे बग वाढले, तर रिव्ह्यू नावापुरते होतायत का ते बघायला एकही शेरा न देता पाच मिनिटांत मंजूर झालेल्या पुल रिक्वेस्ट मोजा.