जुन्या मारधाडपटांवर लिहिताय? या चुका टाळा

हाँगकाँग-जपानच्या जुन्या मारधाडपटांवर लिहायला बसलं की पहिलं वाक्य हमखास उतरतं: 'अपंगत्वावर मात करणारा नायक'. मीही ते लिहिलंय, त्यामुळे बोट आधी स्वतःकडे. आपला 'दिव्यांग' शब्दही तीच सवय लावतो म्हणा. एखादा अवयव नसला की लगेच काहीतरी दिव्य शोधायचं.

हाँगकाँगचे दिग्दर्शक चांग चेह यांचा 'वन-आर्म्ड स्वॉर्ड्समन' (१९६७) घ्या. नायक फांग गांगचा उजवा हात तुटतो, अर्धी जळालेली पोथी वाचून तो डाव्या हाताने तलवार शिकतो आणि जिंकतो. पण जिंकतो कसा, ते नीट बघा. शत्रूच्या टोळीकडे तलवार पकडणारा एक चिमटा आहे. फांगच्या गुरूच्या घराण्याची लांब तलवार त्यात अडकते आणि शिष्य पटापट मरतात. फांगच्या हातात असते बापाची तुटकी, आखूड तलवार. ती त्या चिमट्यात अडकून राहत नाही. सापळाच धडधाकट शिष्यांच्या मापाने बेतलेला! याला 'मात' म्हणून मोकळं झालात की हा सगळा डाव तुमच्या लेखातून गळाला.

आता हात तोडतं कोण? गुरूची लाडावलेली मुलगी, लढाईत हरल्याच्या रागातून. आणि जखम बांधतं, पोथी देतं, पुन्हा लढू नकोस म्हणून विनवतं कोण? श्याओमान, गावाकडची गरीब पोर. एक हात नेणारी, दुसरी त्याची भरपाई करणारी. दोघींचं काम त्याच्या हातापुरतं. म्हणून 'स्त्रिया' आणि 'अपंगत्व' असे दोन वेगळे परिच्छेद पाडणं ही मला सगळ्यात महागात पडणारी चूक वाटते. इथे तुटलेला हात म्हणजे मर्दानगीला बसलेला घाव, आणि पुढचा सिनेमा म्हणजे तिची डागडुजी.

'आधी पुरुषांचे सिनेमे, मग बायकांना तलवार मिळाली' हेही लिहू नका. एकच वर्ष आधी, १९६६ मध्ये, दिग्दर्शक किंग हू यांच्या 'कम ड्रिंक विथ मी'मध्ये नायिका चेंग पेई-पेई खाणावळभर गुंडांना एकटी पुरून उरली होती. १९६८ मध्ये तेच पात्र चांग चेह यांच्याकडे आलं. सिनेमाचं नावच तिचं, 'गोल्डन स्वॉलो', पण भाव खाऊन जातो फांग गांग साकारणारा नट जिमी वांग यू.

जपानी सिनेमांतला आंधळा तलवारबाज झाटोइची, त्याला 'दैवी कानांचा आंधळा' म्हणणं तर फारच सोपं. 'झाटो' हा जपानमधल्या अंधांच्या संघातला सर्वात खालचा दर्जा. इची हातावर पोट असलेला मालिशवाला. १९६२ च्या पहिल्या सिनेमात तो जुगारात फासे टाकतो आणि ते झाकायच्या भांड्याबाहेर पडतात. याला काय दिसतंय, म्हणून सगळे डोळसपणे त्याच आकड्यावर पैसे लावतात. मग तो शांतपणे सांगतो की बाहेर पडले ते बाहीतले, खरे फासे आत आहेत. त्याचे कान तेज आहेतच, पण हा डाव तो जिंकतो समोरच्यांच्या हावेवर.

राहिला 'क्रिपल्ड अव्हेंजर्स' (१९७८). त्यात अपंग माणसं दोन्ही बाजूंना आहेत: लोखंडी हातांचा क्रूर मुलगा एकीकडे, त्याने आणि त्याच्या बापाने आंधळे, बहिरे, लंगडे केलेले लोक दुसरीकडे. तेव्हा 'अपंग म्हणजे नायक' की 'अपंग म्हणजे खलनायक', हा प्रश्न इथे लावूच नका. बघायचंच असेल तर त्या मुलाच्या आईकडे बघा. ती सुरुवातीलाच मारली जाते, आणि त्यानंतर सिनेमात बाई जवळपास उरतच नाही.