तंबू घेताय? आधी शिवण बघा

भंडारदऱ्याला आमचे सहा तंबू आहेत, पर्यटकांना भाड्याने देतो. दुकानात रंग नंतर बघा. आधी कापड उलटं करून शिवण बघा. दुमडून घातलेली दुहेरी शिवण हवी. कापड सुती कॅनव्हास, ३०० ते ४०० जीएसएमचं, म्हणजे चौरस मीटरला तेवढे ग्रॅम वजनाचं घ्या. त्याहून जाड घेतलंत तर उचलताना कंबर बोलायला लागते.

नवा तंबू पहिल्याच पावसात टिपकला म्हणून दुकानदाराशी भांडू नका. मी भांडलो होतो, हसं झालं. सूत भिजलं की फुगतं आणि सुईची भोकं बुजतात. म्हणून आधी अंगणातच उभा करून नळीने चिंब भिजवायचा, खडखडीत वाळवायचा, असं दोन-तीनदा. पाऊस चालू असताना आतून कापडाला बोट लावू नका, तिथूनच झिरपायला लागतं. पाहुण्यांना हे सांगून सांगून माझा घसा बसलाय.

सुती दोर भिजला की आखडतो. रात्री पावसाची चिन्हं असली तर दोर जरा सैल करून झोपा, नाहीतर खुंट्या उपटतात.

एकदा गडबडीत तंबू ओलाच गुंडाळला. चार दिवसांनी उघडला तर मोहरीएवढे काळे ठिपके आणि कुबट वास. वास गेला, ठिपके आजही आहेत. आता घडी घालण्याआधी शिवणीचा जाड भाग गालाला लावून बघतो. गार लागला तर अजून एक ऊन. धुण्याची पावडर नकोच, पाणी अडवणारा लेप निघून जातो. माती सुकू द्या, मग ब्रशने झाडा. आणि घडी उंच टांगा, उंदरांना कॅनव्हास फार आवडतो.