अँटिव्हायरस आहे, तरी व्हायरस कसा येतो? या चुका टाळा

सांगलीत घरोघरी जाऊन कॉम्प्युटर दुरुस्त करतो, त्यामुळे एक वाक्य पाठ झालंय. "दादा, अँटिव्हायरस हाय की, मग व्हायरस आला कुठनं?" बहुतेक वेळा तो आपणच दार उघडून आत घेतलेला असतो.

पहिला मान क्रॅकचा, म्हणजे विकतचं सॉफ्टवेअर पैसे न देता चालवायच्या चोरवाटेचा. फुकटचं सॉफ्टवेअर उतरवताना 'आधी अँटिव्हायरस बंद करा' अशी सूचना येते आणि माणसं ती इमानेइतबारे पाळतात. गावभागातल्या एका हळद व्यापाऱ्याचे तीन वर्षांचे हिशेब असेच लॉक झाले. एकही फाइल उघडेना, स्क्रीनवर पैशांची मागणी. बॅकअप होता, पण ती हार्ड डिस्क कायम कॉम्प्युटरलाच जोडलेली. तीही गेली. 2019 च्या पुरात याच गृहस्थांनी वह्या वेळेत वरच्या मजल्यावर हलवल्या होत्या! बॅकअपचंही तसंच करा. कॉपी झाली की डिस्क काढून कपाटात.

मेलवर 'बिल.पीडीएफ' आलं, तर उघडण्याआधी नीट बघा. विंडोज नावाचं शेवटचं शेपूट लपवतं, खरी फाइल 'बिल.पीडीएफ.ईएक्सई' असू शकते, म्हणजे बिल नव्हे, उघडताच चालू होणारा प्रोग्रॅम. फाइल एक्सप्लोररच्या 'व्ह्यू'मध्ये 'फाइल नेम एक्स्टेन्शन्स' चालू करा, सोंग उघडं पडतं.

अपडेटचा कंटाळा तर सगळ्यांनाच. फाइली लॉक करून पैसे मागणारा वॉनाक्राय व्हायरस मे 2017 मध्ये जगभर पसरला, पण तो विंडोजच्या ज्या भोकातून शिरला ते बुजवणारा अपडेट मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिला होता. विंडोज 10 चा नेहमीचा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला. त्यावर अजून नेटबँकिंग करत असाल तर जरा जपून.

राउटरला दोन पासवर्ड असतात हेच अनेकांना ठाऊक नसतं. वायफायचा आपण बदलतो, सेटिंगचा मात्र 'अ‍ॅडमिन'च राहतो. तोही बदला, डब्ल्यूपीएस (बटण दाबून किंवा पिन टाकून वायफाय जोडायची सोय) आणि रिमोट मॅनेजमेंट (बाहेरून राउटरची सेटिंग बदलायची सोय) बंद करा. तिथेच जोडलेल्या उपकरणांची यादी दिसते. घरात चार मोबाइल आणि यादीत सात नावं असतील, तर शेजारच्यांच्या पोरांना विचारा.

आणि मशीन बिघडलंच तर? आधी नेट तोडा. मग डिफेंडरचा, म्हणजे विंडोजमधल्याच अँटिव्हायरसचा, ऑफलाइन स्कॅन लावा. पासवर्ड बदला, पण दुसऱ्या चांगल्या मशीनवरून. त्याच कॉम्प्युटरवर नवा टाइप केलात तर तोही चोराच्या हाती जाईल. खात्यातून पैसे गेले असतील तर मला नंतर फोन करा, आधी 1930 ला, सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला.