एमएसच्या रुग्णाने दाताचे उपचार कसे करून घ्यावेत

एमएस (मल्टिपल स्क्लेरोसिस) किंवा एनएमओ (न्यूरोमायलायटिस ऑप्टिका) हे मज्जासंस्थेचे आजार असलेले अनेक जण रिलॅप्सच्या, म्हणजे आजार पुन्हा उसळण्याच्या, धास्तीने पू झालेली दाढ महिनोन्महिने अंगावर काढतात. जागा बधिर करण्याचे इंजेक्शन बहुतेकांना सोसते. जपावे लागते ते संसर्गाला, कारण रिलॅप्सला तोच निमित्त ठरू शकतो.

पहिल्यांदा, दुखते ती दाढच आहे ना, याची खात्री करून घ्यावी. दात घासताना, गार पाण्याचा घोट घेताना किंवा गालाला नुसता वारा लागताच विजेसारखी कळ येऊन काही सेकंदांत थांबत असेल आणि एक्स-रेमध्ये दात धड दिसत असेल, तर तो ट्रायजेमिनल न्यूराल्जिया, म्हणजे चेहऱ्याच्या नसेचे दुखणे, असू शकतो. एमएसमध्ये तो इतरांपेक्षा अधिक आढळतो आणि त्यापायी चांगल्या दाढा उपटल्या जातात, याचे मला फार वाईट वाटते. अशा वेळी आधी न्यूरोलॉजिस्टना (मेंदू व नसांच्या डॉक्टरांना) भेटावे.

दात काढायचा ठरलाच, तर तारीख घेण्यापूर्वी चालू औषधे एका कागदावर लिहून दाताचे डॉक्टर आणि न्यूरोलॉजिस्ट अशा दोघांनाही दाखवावीत. रिटुक्सिमॅब किंवा अझाथायोप्रिन ही प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे चालू असल्यास रक्तातील पांढऱ्या पेशी तपासाव्यात. स्टिरॉइड स्वतःहून बंद करू नये. हाडांसाठी झोलेड्रॉनिक अॅसिड घेतले असेल तर ते आवर्जून सांगावे, कारण दात काढल्यावर जबड्याचे हाड भरून न येण्याचा धोका असतो. ट्रायजेमिनल न्यूराल्जियासाठी कार्बामाझेपिन घेणाऱ्यांना क्लॅरिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक चालत नाही. बी-१२ कमी असेल तर गुंगीसाठी नायट्रस ऑक्साइड टाळावा. शाकाहारी घरांत ही कमतरता सर्रास असते, म्हणून हे मुद्दाम लिहितो.

वेळ सकाळची घ्यावी. एप्रिल-मे महिन्यांत भर दुपारी नाशिकमध्ये पंचवटीहून रिक्षाने कॉलेज रोडला पोहोचेपर्यंतच अंग तापते आणि उष्णतेने जुनी लक्षणे उफाळतात. चेहऱ्याची कोणती बाजू आधीपासून बधिर आहे, हे सुई टोचण्यापूर्वीच डॉक्टरांना लिहून घ्यायला सांगावे. गिळायला त्रास होत असल्यास खुर्ची पूर्ण आडवी करू देऊ नये.

घरी आल्यावर ताप येऊन जुनाच अशक्तपणा वाढला आणि ताप उतरताच ओसरला, तर तो बहुधा खरा रिलॅप्स नसतो. मात्र तापाचे कारण डॉक्टरांकडून शोधून घ्यावे. ताप नसताना नवे लक्षण २४ तासांहून अधिक टिकले, तर न्यूरोलॉजिस्टना कळवावे. नजर अंधुक होणे, पाय लुळे पडणे किंवा लघवी अडणे यांसाठी मात्र २४ तास थांबू नये, आणि एनएमओच्या रुग्णाने न थांबणारी उचकी व उलट्याही याच यादीत धराव्यात.