ऑनलाइन पिल्लू घेताय? टोकन पाठवायच्या आधी या चुका टाळा

माझ्या मावसबहिणीनं ब्रूनोसाठी वाटी आणली, पट्टा आणला, मुलांनी दारामागे जुनं ब्लँकेट अंथरून ठेवलं, आणि ब्रूनो काही आला नाही. येणार कुठून, तो कधी नव्हताच. कुणीतरी पाच-सहा वर्षांपूर्वी टाकलेला स्वतःच्या कुत्र्याचा फोटो होता तो. तेव्हा तिचं सगळं चॅट पहिल्यापासून शेवटपर्यंत मी वाचून काढलं होतं, त्यामुळे आता ओळखीत कुणालाही पिल्लू, मांजर, पोपट घ्यायचा झाला की लिंक आधी माझ्याकडे येते. आणि दहातल्या आठ-नऊ वेळा मला चॅटमध्ये तेच ते सापडतं.

ताई भोळी वगैरे अजिबात नाही हं, दिवसभर पैशाचे व्यवहारच बघते. तरी फसली, कारण टोकन पाठवायच्या आधीच नाव ठरलं होतं. म्हणून माझ्या मते पहिली चूक हीच, चौकशी व्हायच्या आधी फोटो घरात फिरवायचा. मुलांनी एकदा "आपला ब्रूनो" म्हटलं की मग आपण शंका काढायला नाही, शंका दाबायला लागतो.

फोटो बघून भाळणं

गूगल लेन्स आणि टिनआय, म्हणजे तोच फोटो नेटवर आणखी कुठे आहे ते शोधणाऱ्या सेवा, दोन्हीकडे फोटो टाकून बघा, दोन मिनिटांचं काम आहे. तोच फोटो तीन वेगळ्या नावांनी, वेगळ्या गावांत दिसला तर विषय संपला. पण काहीच सापडलं नाही म्हणजे फोटो खरा असं पण नाही, कारण हे लोक फोटो आरशासारखा उलटा करून किंवा कापून टाकतात. त्यामुळे तुम्ही पण तो फोनमध्ये उलटा करा आणि परत शोधा. ब्रूनोचा डावा कान दुमडलेला होता, मूळ पोस्टमधल्या कुत्र्याचा उजवा, मला तो उलटा केल्यावरच सापडला. शिवाय आता एआयनं बनवलेले फोटो असतात, ते कुठेच सापडणार नाहीत, म्हणून नुसत्या फोटोवर थांबू नका. जाहिरातीतलं एखादं वाक्य जसंच्या तसं सर्च करा, मजकूर चोरताना हे लोक फोटोपेक्षा जास्त आळशी असतात.

"व्हिडिओ पाठवला ना त्यांनी"

पाठवलेला व्हिडिओ आणि लाइव्ह व्हिडिओ कॉल यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. आणि कॉलवर सुद्धा दुसऱ्या स्क्रीनवरचं रेकॉर्डिंग दाखवतात, म्हणून ऐनवेळी काहीतरी करायला सांगा, पिल्लाशेजारी चमचा ठेवा, त्याला उचलून पोट दाखवा, आई कुठंय ते दाखवा. खरा विकणारा हसेल आणि करेल, उलट तोच तुम्हाला दहा प्रश्न विचारेल, घरी कोण असतं, आधी कुत्रा होता का, फिरवणार कोण. ज्याला यातलं काहीच पडलेलं नाही आणि फक्त पैसे कधी टाकताय एवढंच विचारायचंय, त्याच्याकडे पिल्लू नसण्याची शक्यता जास्त. ताईनं कॉल मागितला तर कॅमेरा बिघडलाय, नेटवर्क नाही, घरात आजारपण आहे, अशी तीन दिवसांत तीन कारणं आली.

आता खरा खेळ: वाहतूक

हे नीट वाचा, कारण मोठा पैसा इथे जातो. सुरुवातीची किंमत मुद्दाम कमी असते, कधी तर पिल्लू चक्क फुकट, "मालक वारले, चांगलं घर हवंय, फक्त पाठवायचा खर्च द्या". तो खर्च दिला की एका ट्रान्सपोर्ट कंपनीचा ईमेल येतो, वेबसाइट असते, ट्रॅकिंग नंबर असतो, नकाशावर ठिपका पण हलतो. मग ठिपका मध्येच थांबतो. आता एसीवाला पिंजरा भाड्यानं घ्यावा लागेल, ते पैसे परत मिळणार आहेत. मग विमा, तोही परत मिळणार. मग लस राहिलीय, क्वारंटाइन आहे. आणि नाही म्हटलं तर धमकी, प्राण्याला बेवारस सोडल्याचा गुन्हा तुमच्यावर दाखल होईल! ताईनं दुसरे आणि तिसरे पैसे पिल्लासाठी भरलेच नाहीत, पहिले वाया जाऊ नयेत म्हणून भरले. विकणारा आणि ट्रान्सपोर्टवाला एकच माणूस असतो, दोघांच्या ईमेलमध्ये स्पेलिंगच्या चुकासुद्धा सारख्याच.

तपासायचं कसं? एक, त्या वेबसाइटचं डोमेन, म्हणजे नेटवरचा पत्ता, कधी घेतलंय ते हूइजवर (WHOIS, अशा पत्त्यांची नोंद दाखवणारी सेवा) बघा, "वीस वर्षांचा अनुभव" असलेली कंपनी दोन महिन्यांपूर्वी जन्मलेली निघते. दोन, इपाटा (IPATA) म्हणून प्राण्यांची वाहतूक करणाऱ्यांची आंतरराष्ट्रीय संघटना आहे, तिचा लोगो चोरून लावतात, त्यामुळे लोगोवर जाऊ नका, संघटनेच्या साइटवर सभासदांच्या यादीत नाव शोधा. तीन, विमानानं येतंय म्हणत असतील तर एअर वेबिल नंबर, म्हणजे विमानानं पाठवलेल्या मालाच्या पावतीचा नंबर, मागा. तो 11 आकडी असतो, पहिले 3 आकडे विमान कंपनीचे आणि पुढचे 8 त्या पार्सलचे. त्या 8 पैकी पहिल्या 7 आकड्यांना 7 ने भागा, जी बाकी उरेल तोच आठवा आकडा असायला हवा. म्हणजे 1234567 असेल तर बाकी 5, आठवा आकडा 5. मनानं ठोकलेला नंबर बहुतेक वेळा इथेच गळतो. जुळला तरी लगेच खूश होऊ नका, विमान कंपनीच्या स्वतःच्या कार्गो पानावर तो टाकून बघा, त्यांनी पाठवलेल्या लिंकवर नाही.

आणि तुम्ही युरोप-अमेरिकेत राहत असाल आणि पिल्लू दुसऱ्या देशातून येणार म्हणाले तर वय विचारा. रेबीजची लस साधारण 12 आठवड्यांनंतर देतात, युरोपियन युनियनमध्ये न्यायचं तर त्यापुढे 21 दिवस थांबावं लागतं, अमेरिकेत तर ऑगस्ट 2024 पासून 6 महिन्यांखालचा कुत्रा आत येऊच देत नाहीत. मग 8 आठवड्यांचं पिल्लू परवा तिथे पोचतं कसं?

मायक्रोचिपची थाप पण कॉमन आहे, "चिप लावलीय, तुम्हाला लोकेशन दिसेल". चिपमध्ये ना बॅटरी असते ना जीपीएस, स्कॅनर अगदी जवळ धरला की फक्त एक नंबर दिसतो. प्रमाणित चिपचा नंबर 15 आकडी असतो, तो मागा, आणि लसीच्या कार्डवर ज्या डॉक्टरचा शिक्का आहे त्या दवाखान्याचा फोन स्वतः शोधून विचारा. कार्डावर छापलेल्या नंबरवर फोन केला तर तिकडे तोच माणूस उचलणार.

पोपटवाल्यांसाठी थोडक्यात. आफ्रिकन ग्रे हा पोपट 2017 पासून साइट्स (CITES) या धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या परिशिष्ट 1 मध्ये, म्हणजे सगळ्यात कडक यादीत आहे, म्हणजे सीमेपलीकडून आणायचा तर दोन्ही देशांचे परवाने लागतात, "कुरियरनं पाठवतो" असं काही नसतं. कुरियरनं पोपटाची अंडी घ्यायची आणि घरी उबवायची, या जाहिरातीकडे तर बघूच नका.

पैसे कसे पाठवता

गिफ्ट कार्ड, क्रिप्टो, अनोळखी खात्यावर थेट ट्रान्सफर, यातलं परत येणं जवळपास अशक्य. खात्यावरचं नाव विकणाऱ्याच्या नावाशी जुळत नसेल तर थांबा, "भावाचं खातं आहे" हे कारण ऐकून ऐकून माझे कान किटलेत. टोकन परत करतो म्हणून क्यूआर कोड पाठवला तर स्कॅन करू नका, पैसे यायला आपल्याला पिन टाकावा लागत नाही. जमेल तर स्वतः जा, पिल्लू आणि त्याची आई बघा, आणि पैसे तिथेच द्या. एवढ्यानं निम्म्याहून जास्त जाहिराती आपोआप गळतात, कारण "येतो बघायला" म्हटलं की समोरून रिप्लायच बंद होतो. 8 आठवड्यांच्या आत आईपासून तोडलेलं पिल्लू खरं असलं तरी घेऊ नका, तो विकणारा चोर नसेल पण धड पण नाही.

पैसे गेलेच असतील तर

चॅट डिलीट करू नका, रागाच्या भरात ब्लॉक करून सगळं पुसून टाकतात लोक. आधी स्क्रीनशॉट, व्यवहाराचा नंबर, फोन नंबर, वेबसाइटचा पत्ता, सगळं जपून ठेवा. मग ताबडतोब बँकेला फोन आणि सायबर पोलिसांकडे तक्रार, यात दिवस नाही, तास मोजायचे असतात. कार्डनं भरले असतील तर बँकेकडे चार्जबॅक, म्हणजे तो व्यवहार फिरवून पैसे परत, मागा. ओळखपत्राचा फोटो पाठवला असेल तर तक्रारीत तेही लिहा, पुढे तुमच्याच नावानं नवी जाहिरात निघू शकते. आणि आठवड्याभरात कुणीतरी मेसेज करेल, "तुमचे पैसे परत मिळवून देतो, आधी थोडी फी भरा". ताईला आला होता. टायपिंगची धाटणी तीच, ट्रान्सपोर्टवाल्याची.